केएक्स२५०एफच्या चासीत टू-स्ट्रोक: माउंट नंतर, आधी चिमट्याचा बोल्ट आणि सायलेंसर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २००७ ची कावासाकी केएक्स२५०एफ (फोर-स्ट्रोक मोटोक्रॉस गाडी) हाताशी आहे. व्हॉल्व्ह तुटून पिस्टनवर पडला आणि हेड, ब्लॉक, क्रँक सगळंच गेलं. फोर्क, शॉक, चाकं आणि चासी मात्र ठणठणीत. आता त्यात टू-स्ट्रोक बसवायचंय. पर्याय दोन: घरी पडलेलं यामाहा आरएक्स१३५ चं फाइव्ह-स्पीड इंजिन, नाहीतर ओळखीतून मिळणारं केएक्स२५० टू-स्ट्रोकचं इंजिन. नाशिकला सातपूरमध्ये लेथवाला आणि आर्गन वेल्डर ओळखीचे आहेत. कुठलं इंजिन बसेल आणि माउंट (इंजिन धरणारे आधार) चासीला वेल्ड करून घेऊ का, असं तुम्ही विचारलंय.

वेल्डिंगचं आधी सांगतो. करू नका. २००६ पासून या गाडीची चासी अ‍ॅल्युमिनियमची आहे. उष्णोपचार केलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर वेल्डिंग केलं की टाक्याच्या शेजारच्या पट्ट्यातली ताकद खूप उतरते. ६०६१-टी६ सारख्या धातूत ती जवळजवळ निम्मी होते. पूर्ण चासी पुन्हा भट्टीत घालून उपचार केल्याशिवाय ती परत येत नाही. वेल्डर कितीही हुशार असला, टाका कितीही सुंदर दिसला, तरी तडा टाक्यात जात नाही, टाक्याच्या बाजूला जातो. म्हणून जे काही जोडायचं ते चासीच्या मूळ भोकांत, प्लेटा करून, बोल्टने. या एका नियमाने अर्धे निर्णय आपोआप होतात.

आता मूळ प्रश्न. "बसेल का" याला फारसा अर्थ नाही. टू-स्ट्रोक इंजिन बुटकं असतं, वर कॅम नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत, त्यामुळे त्या चासीत जागा भरपूर दिसते आणि माणूस फसतो. खरे प्रश्न दोनच. पुढचं स्प्रॉकेट चिमट्याच्या (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मच्या) बोल्टपासून किती अंतरावर आणि किती उंचीवर येणार? आणि सायलेंसरचं पोट, म्हणजे टू-स्ट्रोकच्या पाइपचा फुगीर भाग, कुठून जाणार? ही दोन उत्तरं मिळाली की माउंट म्हणजे नुसतं लेथचं काम.

त्यासाठी पहिलं काम: मेलेलं इंजिन भंगारात देऊ नका. त्याचे दोन्ही केस धुऊन, रिकामे, आउटपुट शाफ्टसकट परत चासीत बसवा. तोच तुमचा साचा. चिमट्याच्या बोल्टच्या मध्यापासून स्प्रॉकेटच्या मध्यापर्यंतचं आडवं आणि उभं अंतर व्हर्नियर आणि गुण्या लावून घ्या. चासीच्या मध्यरेषेपासून स्प्रॉकेटचा दात किती बाहेर आहे तेही घ्या. तिन्ही आकडे खडूने नको, कागदावर लिहा. नवीन इंजिनाचं स्प्रॉकेट या जागेपासून आडवं-उभं ४-५ मिमीच्या आत यायला हवं.

कारण असं. चिमटा वर-खाली होतो तो स्वतःच्या बोल्टभोवती, पण चेन फिरते स्प्रॉकेटभोवती. दोन्हींचे मध्य जितके लांब, तितकी चेन प्रवासात सैल-घट्ट होणार. मागच्या चाकाचा एक्सल, चिमट्याचा बोल्ट आणि स्प्रॉकेटचा मध्य एका ओळीत आले की चेन सगळ्यांत घट्ट असते. ३०० मिमीच्या आसपास प्रवास असलेल्या चिमट्यात ही चूक मोठी दिसते: स्टँडवर बरोबर वाटणारी चेन उडी मारून उतरताना ताणली जाते आणि आउटपुट शाफ्टचं बेअरिंग खाते, कधी केसच फोडते. शिवाय गॅस दिल्यावर गाडी मागून बसते की उठते, हेही याच उंचीवर ठरतं. तपासणी सोपी आहे. शॉक काढा, चाक चेनसकट बसवा, चिमटा हाताने खालपासून वरपर्यंत न्या. वाटेत कुठेही चेन तारेसारखी झाली तर इंजिनाची जागा बदला; चेन सैल करून वेळ मारून नेऊ नका.

आता दोन्ही इंजिनांचं वेगवेगळं बघू, कारण अडचणी अगदी वेगळ्या आहेत.

केएक्स२५० टू-स्ट्रोक हे मोटोक्रॉसचं इंजिन. अशा इंजिनांत चिमट्याचा बोल्ट केसच्या मागच्या कानातून (मागे निघालेल्या भोकाच्या भागातून) आरपार जातो, म्हणजे इंजिन स्वतःच चासीचा एक भाग असतं. तुमच्या फोर-स्ट्रोकचंही तसंच आहे, त्यामुळे निम्मं काम झालेलं आहे. पण तीन मापं जुळली पाहिजेत: कानाची रुंदी, भोकाचा व्यास आणि कानापासून स्प्रॉकेटचं अंतर. रुंदी कमी असेल तर दोन्ही बाजूंना ईएन८ स्टीलचे वॉशर लेथवर टर्न करून घ्या, दोन्ही बाजूंची बेरीज कमी पडणाऱ्या रुंदीशी ०.१ मिमीच्या आत जुळावी. एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी असं करून चेनची रेषा जुळवता येते, ती संधी सोडू नका. भोक मोठं असेल तर बुश घाला. लहान असेल आणि केस बोअर करायला लागत असेल, तर बोअर केल्यावर भोवती किती भिंत उरते ते आधी मोजा. ५ मिमीच्या खाली जात असेल तर ते इंजिन या चासीसाठी सोडून द्या.

आरएक्सचं इंजिन रस्त्याच्या गाडीचं. त्याला तो कान नाहीच. मग चिमट्याच्या दोन पायांमध्ये जिथे जुना केस होता तिथे पोकळी राहते. बरेच जण बोल्ट तसाच आवळतात. त्याने चिमट्याच्या आतल्या कॉलरी एकमेकींकडे ओढल्या जातात, सील दबतात आणि चिमटा एक तर जाम होतो, नाहीतर आडवा हलतो. तिथे जुन्या कानाच्या तंतोतंत रुंदीची जाड स्टीलची नळी हवीच. मी असं करून घेतो: त्याच नळीला ६ मिमी माइल्ड स्टीलच्या दोन प्लेटा वेल्ड करायच्या, त्या पुढे येऊन आरएक्सच्या मागच्या माउंटांना पकडतात. स्टीलला स्टील, त्यामुळे इथे वेल्डिंग चालतं. पुढच्या आणि खालच्या माउंटसाठी ८ किंवा १० मिमी अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटा, चासीच्या मूळ भोकांत बोल्ट करून. आधी पुठ्ठ्याचा, मग ६ मिमी प्लायचा नमुना कापा, इंजिन त्यावर टेकवून बघा, आणि तेव्हाच ड्रॉइंग घेऊन अंबडला किंवा सातपूरला लेसर कटिंगला जा. पुठ्ठ्यावरून थेट धातूवर गेलात की प्लेटा दोनदा कापाव्या लागतात.

आरएक्सची दुसरी खोच चेनच्या रेषेत आहे. मूळ गाडीचा मागचा टायर अरुंद, म्हणून स्प्रॉकेट मध्यरेषेच्या जवळ. तुमचा १९ इंची मोटोक्रॉस टायर रुंद, त्यावर गाठी. इंजिन बरोबर मध्यावर ठेवलं तर चेन टायरला घासण्याची शक्यता मोठी. इंजिन ५-६ मिमी डावीकडे सरकवायला हरकत नाही, त्याने तोल बिघडत नाही. उरलेलं अंतर बाहेर काढलेल्या स्प्रॉकेटने भरा, पण तेही थोडंच: जितकं स्प्रॉकेट बाहेर तितका शाफ्टच्या बेअरिंगवर ताण. शेवटी लांब सरळपट्टी मागच्या स्प्रॉकेटच्या चेहऱ्याला लावा. पुढच्या स्प्रॉकेटशी १ मिमीपेक्षा जास्त फरक नको.

चेनही वेगळी. आरएक्सची ४२८, केएक्सची ५२०. दोन्ही टोकांना ४२८ ठेवा. मागचं स्प्रॉकेट केएक्सच्या हबच्या भोकांप्रमाणे कापून घ्यावं लागेल. दात ठरवताना लक्षात घ्या की १००/९०-१९ टायरचा परीघ साधारण २.०८ मीटर, आरएक्सवर मागे २.७५-१८ असेल तर त्याचा १.८७ च्या आसपास. म्हणजे काही न बदलताही गाडी दहा-अकरा टक्के लांब गिअरची झाली. तेवढे दात आधी मागे वाढवा, आणि मातीसाठी त्याहून वर.

आता सायलेंसर. सगळ्यांत जास्त गाड्या इथेच अर्धवट पडून राहतात. फोर-स्ट्रोकचा एक्झॉस्ट वर हेडमधून निघतो, तिथे पुढच्या उतरत्या नळीपासून भरपूर जागा असते. टू-स्ट्रोकचा पोर्ट ब्लॉकमध्ये, बराच खाली, आणि नेमकी तिथेच नळी तिरकी होऊन इंजिनाजवळ येते. पोर्टच्या तोंडापासून नळीपर्यंत ७०-८० मिमी तरी मोकळं हवं, नाहीतर बेंड इतका आखूड येतो की पाइप चासीला टेकतो. केएक्स२५० ला वर पॉवर व्हॉल्व्हचं (एक्झॉस्ट पोर्ट आरपीएमप्रमाणे लहान-मोठा करणाऱ्या झडपेचं) झाकण आहे, ते काढता-घालता आलं पाहिजे. इंजिन १० मिमी मागे सरकवून ही जागा मिळवायचा मोह होतो. पण मग स्प्रॉकेट सरकतं. म्हणून म्हटलं, ही दोन मापं एकत्रच ठरतात. त्यातल्या त्यात इंजिन चिमट्याच्या बोल्टभोवती थोडं फिरवलं, म्हणजे पुढून वर उचललं, तर स्प्रॉकेट फारसं न हलता पोर्टला जागा मिळते. कार्बोरेटर त्या प्रमाणात कलतो, फ्लोटची पातळी चुकते, म्हणून तीन-चार अंशांपलीकडे जाऊ नका.

चासी चुकवण्यासाठी पाइप कापून छोटा करणं ही नेहमीची चूक. टू-स्ट्रोकचा पाइप म्हणजे नुसती धूर काढायची नळी नाही. शेवटच्या शंकूवरून परत येणारी लाट बाहेर निसटलेलं ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण पोर्ट बंद व्हायच्या आत परत ढकलते, आणि ती वेळ लांबीवर ठरते. ढोबळ हिशेब असा: पोर्ट जितके अंश उघडा राहतो त्याला ४३,००० ने गुणा आणि ज्या आरपीएमला ताकद हवी त्याने भागा. उत्तर मिलिमीटरमध्ये, पिस्टनच्या तोंडापासून मागच्या शंकूच्या परतीच्या बिंदूपर्यंत. पोर्ट १९० अंश आणि ८,५०० आरपीएम धरलं तर ९६० मिमी. हा आकडा लाटेचा वेग सेकंदाला ५१८ मीटर धरून आहे, त्यामुळे तो सुरुवात म्हणून घ्या. १०० मिमी कापलं तर तीच ताकद ९,५०० च्या आसपास सरकते आणि खालचा जोर जातो. त्र्यंबककडच्या दगडी चढावर गाडी मरते. तेव्हा बेंड कितीही द्या, मध्यरेषेची लांबी तीच ठेवा. १ मिमी पत्र्याचे शंकू करून, वेडेवाकडे कापून, फिरवून जोडत आणणं हीच पद्धत. चासी आणि पाइपमध्ये सगळीकडे १० मिमी मोकळं ठेवा, कारण चालताना पाइप हलतो. टाकी आणि शरीराच्या बाजूला त्याहून जास्त.

बाकीच्या गोष्टी भराभर. हेडचा वरचा आधार सोडू नका. बुटक्या इंजिनामुळे त्या प्लेटा लांब होतात, म्हणून जाड घ्या. या दोन्ही इंजिनांत बॅलन्सर नाही, कंपन जास्त आहे, आधार नसेल तर आधी पुढच्या प्लेटांचे बोल्ट सैल होतात. बोल्ट ८.८ किंवा १०.९ ग्रेडचे, नायलॉक नट, अ‍ॅल्युमिनियमवर वॉशर, ८.८ चा एम८ साधारण २५ न्यूटन-मीटर, एम१० ४५ च्या आसपास. चिमट्याच्या बोल्टला मात्र मॅन्युअलमधलाच आकडा. केएक्स२५०एफचा जुना एफसीआर कार्बोरेटर टू-स्ट्रोकवर लावायला जाऊ नका, आणि त्याचा दोन केबलींचा थ्रॉटलही बदलावा लागेल. किक पूर्ण खाली जाताना फुटपेगला किंवा चासीला लागते का ते इंजिन पक्कं करायच्या आधी बघा. आरएक्स लावलंत तर रेडिएटर जातील, पण बाजूची प्लास्टिकची पंखं रेडिएटरवरच टांगलेली असतात. त्यांना पट्ट्या कराव्या लागतील, आणि हवा हेडवर येईल अशा बेताने. एअरबॉक्स ते कार्बोरेटर रबर हाताने जुळवावं लागेल. तिथली फट म्हणजे थेट धूळ.

आरएक्सचा ऑइल पंप बंद करून पेट्रोलमध्ये ऑइल मिसळणार असाल, तर पंपाची नळी जिथे इनटेकला शिरते ते तोंड बुजवा. ते उघडं राहिलं की तिथून हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि पिस्टन धरतो. मग लोक म्हणतात ऑइल कमी पडलं.

सुरू करण्याआधी हवेची चाचणी घ्या, ती टाळू नका. इनटेक आणि एक्झॉस्ट रबर-प्लेटने बंद करा, एका बुचाला नळी लावा, ६ पीएसआय भरा, ६ मिनिटं काटा उभा राहिला पाहिजे. खास गेज नसेल तर जुन्या रक्तदाबाच्या यंत्राचा फुगा आणि काटा पुरतो. ३०० चा आकडा म्हणजे जवळजवळ तेवढंच. काटा उतरला तर साबणाचं पाणी मॅग्नेटच्या बाजूच्या सीलवर, रीडच्या पॅकिंगवर, ब्लॉकच्या बुडाशी. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या इंजिनाचे क्रँकचे सील बदलूनच घ्या. क्लचच्या बाजूचं सील गेलेलं असेल तर बुडबुडे दिसत नाहीत, पण गिअरबॉक्सच्या ऑइल भरायच्या तोंडातून हवा येते. ब्लॉक बोअर झालेला असेल, तर हेड आणि पिस्टनमधलं अंतर सोल्डरच्या तारेने मोजा. आरएक्सला १ मिमीच्या आसपास ठेवा.

पेट्रोल-ऑइलचं मिश्रण ३२ ला १, म्हणजे लिटरला ३१ मिली चांगलं ऑइल. इंजिन घासून बसल्यावर (रनिंग-इन झाल्यावर) ४० ला १, लिटरला २५ मिली. पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. त्याला शुद्ध पेट्रोलपेक्षा सात-आठ टक्के जास्त इंधन लागतं, म्हणून जुन्या काळचा मेन जेट आता पातळ पडतो. ते पाणीही धरतं. पावसाळ्यात कॅनमध्ये आठवड्यांमागून आठवडे मिसळलेलं पेट्रोल ठेवू नका.

जेटिंगबद्दल नाशिकपुरतं एक. आपण समुद्रसपाटीपासून ५८०-६०० मीटरवर, म्हणजे मुंबईत जुळवलेली गाडी इथे थोडी जाडच (पेट्रोल जास्त) चालते, त्याने इंजिन मरत नाही. धोका थंडीचा. मे महिन्यात ४० अंशांत जेट लावला आणि डिसेंबरात सकाळी १० अंशांत गाडी काढली, तर हवा दहा टक्क्यांहून जास्त दाट झालेली असते. उंचीच्या फरकापेक्षा हा फरक मोठा. थंडीत मेन जेट एक-दोन नंबर मोठा, मग पूर्ण गॅसवर थोडं पळवून, किल स्विच दाबून, क्लच धरून थांबवा आणि प्लग काढून बघा. पांढरा किंवा राखाडी दिसला तर अजून मोठा जेट.

कुठलं निवडाल हे तुम्ही गाडी कशासाठी ठेवताय त्यावर आहे. ट्रॅकवर उड्या मारायच्या असतील तर केएक्स२५०, मापं जुळली तरच. त्याची ताकद फोर-स्ट्रोक २५० पेक्षा जास्त आहे आणि इंजिन ब्रेकिंग जवळजवळ नाही, त्यामुळे वळणात शिरताना मागचं चाक वेगळं वागेल; स्प्रिंग आणि सॅग (मागचं सस्पेन्शन किती खाली बसतं ते) नव्याने लावा, माणूस बसल्यावर १०० ते १०५ मिमी. डोंगरातल्या वाटा आणि शिकणं एवढंच असेल तर आरएक्स. चौदा हॉर्सपॉवरला ती चासी जास्तच आहे, सस्पेन्शन कडक लागेल, पण पिस्टन, रिंगा, ब्लॉक गावात मिळतात, आणि चूक झाली तर नुकसान थोडं. माझा कल तुमच्या वर्णनावरून आरएक्सकडे आहे.

रस्त्यावर मात्र कुठलीच नाही. ही गाडी मुळातच रस्त्याची नाही, आणि इंजिन बदलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये येतं. टेम्पोत टाकून न्या. वनखात्याच्या जमिनीवरही परवानगीशिवाय नको. टू-स्ट्रोकचा आवाज दरीत लांबवर जातो.

रिकामे केस चासीत बसवल्यावर एवढं कळवा: चिमट्याच्या बोल्टपासून स्प्रॉकेटचं आडवं आणि उभं अंतर, कानाची रुंदी, बोल्टचा व्यास, आणि आरएक्सचा ब्लॉक अंदाजे जागेवर धरून पोर्टच्या तोंडापासून उतरत्या नळीपर्यंतचं अंतर. त्यावरून प्लेटांचा आकार आणि पाइपचा पहिला बेंड कसा निघेल ते सांगता येईल.